संदेष्ट्यांची बोटं

“मी काय पाप केलंय म्हणून हा माझ्याकडे बोट दाखवतोय?”

शिडीच्या सातव्या पायरीवर रखवालदार स्वतःशीच कुरकुरला. तोंडात दोन खिळे धरलेले, त्यामुळे शब्द दातांच्या फटीतून कसेबसे बाहेर आले. पण शिडी धरून खाली उभ्या असलेल्या बारकीला ते स्वच्छ ऐकू आले. चर्चचा हा रखवालदार कुरकुरल्याशिवाय झाडूसुद्धा हातात घेत नसे. घंटेचा दोर जड, माणसं आली की फार आली, नाही आली की कुणी म्हणून येत नाही. तेव्हा तिने ते मनावर घेतलं नाही.

“तुम्ही दुसरीकडे बघा मग,” ती म्हणाली.

“मी का बघू? त्याला सांग. संदेष्टा आहे ना? मसीहाकडे बोट दाखवायचं सोडून हा फ्यूजबॉक्सकडे दाखवतोय. मी मध्ये आलो म्हणून माझ्याकडे.”

बारकी हसली. हसता हसता तिने वर पाहिलं आणि हसू तोंडातच राहिलं. शिडी सोडून ती बाकांच्या मधल्या वाटेने उलट्या पावली मागे मागे गेली.

“अगं, शिडी! शिडी सोडलीस!” रखवालदार ओरडला.

तिला ते ऐकूच आलं नाही.

भिंतीवर चोवीस फूट लांबीचं जाड पांढरं कापड पसरलं होतं. प्रभूच्या जन्मदिवसाआधीचे चार रविवार ते तिथे राहायचं होतं आणि पहिला रविवार तीन दिवसांवर आला होता. डावीकडे तीन संदेष्टे, उजवीकडे तीन, मधला एक अख्खा तुकडा कोरा. त्या कोऱ्या जागेवर जन्मदिवशी सकाळी बाळाची छोटीशी चौकट टाचायची. तोवर तिथे काही नाही. सहाही जणांनी हात लांब करून त्या रिकाम्या जागेकडे बोट दाखवायचं, म्हणजे लोकांना कळावं, कोण येणार आहे ते. एका बाजूला यशया, यिर्मया, मीखा. दुसऱ्या बाजूला जखऱ्या, मलाखी आणि बाप्तिस्मा करणारा योहान. खालून दोन्ही टोकांकडून एक रस्ता निघून मधोमध येऊन थांबत होता. पाच महिन्यांचं भरतकाम. चार बायकांची बोटं सुयांनी चाळण झाली होती.

आणि आता डावीकडचे तिघे डावीकडच्या फ्यूजबॉक्सकडे हात करून उभे होते. उजवीकडचे तिघे उजवीकडे, मोडक्या खुर्च्यांच्या खोलीकडे. तोंडंही तिकडेच. मसीहाच्या जागेकडे सहाही जणांनी पाठ फिरवलेली, वाटणीवरून भांडलेले भाऊ एका घरात राहतात तशी.

बारकीने आधी स्वतःवरच शंका घेतली. डावं-उजवं तिचं लहानपणापासून कच्चं. ती कापडाकडे पाठ करून उभी राहिली, आपण यशया आहोत असं समजून एक हात लांब केला. मग वाटलं, हा बघणाऱ्याचा डावा की आपला? दुसरा हातही लांब केला.

“आता तू कुणाला बोट दाखवतेस?” रखवालदाराने वरून विचारलं.

बारकी हे काही तिचं खरं नाव नव्हे. सहा महिन्यांची असताना मूठभर होती म्हणून पडलेलं नाव ते. आता ती सेहेचाळीस वर्षांची होती आणि कपाटाच्या आरशात एका वेळी पुरती मावत नव्हती, पण नाव काही तिच्याबरोबर वाढलं नाही. तिसाव्या वर्षापर्यंत तिने नाना ठिकाणी कामं केली आणि मग आत्याच्या भरतकामाच्या खोलीत सुई धरली, ती आजतागायत. आत्यानंतर ही खोली बारकीची, हे कुणी लिहून ठेवलं नव्हतं, पण सगळे धरून चालले होते. बारकीसुद्धा.

दोन्ही हात पसरून उभी असतानाच तिला कळलं की चूक डाव्या-उजव्याची नाही. खाका उलटा बसलाय. तिने हात पटकन खाली घेतले. कारण खाका बसवायचं काम त्या खोलीत एकच माणूस करत असे.

*

खाका म्हणजे चित्राचा टोचलेला कागद. चित्राच्या रेषेरेषेवरून सुईने बारीक भोकं पाडत जायचं, कागद कापडावर ठेवायचा आणि रॉकेलमध्ये कालवलेल्या निळ्या पुडीचा बोळा वरून फिरवायचा. भोकांतून निळे ठिपके खाली उतरतात, त्यावरून टाके घालायचे. टोचताना सुई ज्या बाजूने बाहेर पडते ती बाजू खरखरीत होते. समोरून टोचलं की मागची बाजू खरखरीत. म्हणून खोलीत एकच नियम: खरखरीत बाजू खाली. आत्या कागदावरून तळवा फिरवायची, बाजू ओळखायची आणि ठेवून द्यायची. चाळीस वर्षांत एकदाही चूक नाही. खाका ती एकटीच बसवायची, सकाळी सकाळी, खिडकीजवळच्या टेबलावर, दार लोटून. बाकीच्या आल्या की कापडावर ठिपके तयार.

पण या वेळी चित्रं काढली होती शाळेच्या ड्रॉइंगमास्तरांनी, कोळशाने. टोचायला बसावं तर हात काळा आणि यशयाची दाढी कोपरापर्यंत पसरलेली. म्हणून बारकीने शक्कल लढवली. कागद उलटा करून खिडकीच्या काचेवर चिकटवला, मागून उजेडात दिसणाऱ्या रेषांवर टोचला. सहाच्या सहा. त्यामुळे खरखरीत झाली ती समोरची बाजू. हे सांगायला हवं होतं का? तिला वाटलं, कशाला? कागदाच्या एका बाजूला काळंकुट्ट चित्र, दुसरी बाजू कोरी. डोळ्यांसमोर आहे. हातच्या काकणाला आरसा कशाला?

डोळ्यांसमोर आहे. हे आठवलं आणि बारकी जवळच्या बाकावर बसली.

मग पुढे कुणाला दिसलं कसं नाही? तर प्रत्येक संदेष्टा वेगळ्या चौकटीवर भरला गेला. एकेकटा बघितला तर प्रत्येक जण बरोबरच होता. माणूस उभा आहे, बोट दाखवतोय, कुणाकडे ते काय कळणार? कापडाला लागलेला कोळसा हाताचाच असेल म्हणून झटकून टाकला. खोली बारा फुटांची, कापड चोवीस. जोडताना जोडलेलं गुंडाळत गेल्या. शेवटचा रस्ता बारकीनेच भरला, सगळ्या जोडांवरून एकसंध, आठ दिवस. आणि त्या आठ दिवसांत तिला संदेष्ट्यांची फक्त पावलं दिसत होती. पावलं सरळ समोर होती.

*

अर्ध्या तासात सगळे जमले. ड्रॉइंगमास्तर आले, पाळक आले, खोलीतली लांबडी आली. लांबडी म्हणजे बारकीची जोडीदारीण. दारातून शिरताना मान वाकवणारी आणि बोलताना कुणापुढेही न वाकवणारी. पण आज तिनेही कापडाकडे पाहिलं, बारकीकडे पाहिलं, आणि तोंडात मिठाची गुळणी धरली.

सगळ्यात शेवटी आत्या आली. बाकांच्या पाठींवर एकेक हात टेकवत, जणू हजेरी घेत, ती मधल्या वाटेने पुढे आली. वय एकाहत्तर, पाठ ताठ, कपड्यांना इस्त्री. तिसऱ्या बाकाजवळ थांबून तिने मान वर केली आणि भिंतीकडे बराच वेळ बघत राहिली.

“सुरेख दिसतंय,” आत्या म्हणाली.

मास्तरांनी पाळकांकडे बघितलं. रखवालदाराने तोंडातले खिळे काढून खिशात टाकले.

“काय झालं? सगळ्यांची दातखीळ बसली का?”

“आत्याबाई,” मास्तरांनी घसा खाकरला. “बोटं जरा... बाहेरच्या अंगाला गेलीत.”

“बाहेरच्या म्हणजे?”

“म्हणजे आत यायची ती बाहेर.”

आत्याचा चेहरा हलला नाही. फक्त बाकाच्या पाठीवरची बोटं आवळली. मग तिने पुन्हा वर बघितलं, या वेळी डोळे बारीक करून, आणि म्हणाली, “हां. तेच मी म्हणत होते. काहीतरी खटकतंय.”

आणि मग जो तो कारणं शोधायला लागला. मास्तर म्हणाले, कागद दमट असेल, दमट कागद फिरतो. लांबडी म्हणाली, कापड धुतल्यावर आटलं असेल. आटून बोट वळतं का गं, असं रखवालदार विचारणार होता, पण लांबडीने असं बघितलं की तो शिडी पुसायला लागला. पाळक तरुण होते, नवीन होते, त्यांना कुणाचं मन दुखवायचं नव्हतं. ते म्हणाले, “इथला उजेडच कमी आहे. बल्ब बदलायला पाहिजे.” सगळ्यांनी बल्बकडे पाहिलं. बल्ब लख्ख होता.

हे असंच चाललं होतं, दोन वर्षं. कुणी ठरवलं नव्हतं, आपोआप सुरू झालं. लांबडी रोज सकाळी वीस सुयांत दोरा ओवून आत्याच्या उशीला टोचून ठेवायची. दोऱ्याची रिळं बारकी नेहमी एकाच क्रमाने मांडायची, तांबडा पहिला, निळा चौथा. आत्याने घातलेले टाके ती चहाला उठली की चौथी बाई गुपचूप उसवून परत घालायची. आत्या म्हणायची, “माझा टाका अजून तरुण आहे,” आणि तिघी म्हणायच्या, “मग काय.” झाकली मूठ सव्वा लाखाची. फक्त खाका तेवढा कुणाला झाकता आला नव्हता, कारण तो दार लोटून बसायचा.

“चूक माझी आहे,” बारकी म्हणाली.

बोलली तेव्हा तिला वाटलं, ही नुसती थाप नाही. अर्धी तर खरीच आहे. “कोळसा हाताला लागत होता म्हणून मी मागून टोचले. आणि सांगितलं नाही.”

सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला. तो ऐकू आला, हे त्यातलं वाईट. आत्याने मान आवाजाच्या दिशेला वळवली.

“मागून टोचलेस?”

“हो.”

“सोळा वर्षं झाली तुला माझ्याकडे. मागून टोचतात?”

“नाही.”

“पाळकसाहेब, ऐकलंत?” आत्याचा आवाज चढला. “मी कुणाच्या भरवशावर डोळे मिटायचे? हिच्या? रविवारपर्यंत हात हवेत म्हणून राहू दे. सोमवारपासून हिने खोलीत नुसते दोरे गुंडाळावेत. मी दुसरं कुणीतरी तयार करीन.”

बारकीने मान खाली घातली. आत्याचे शब्द तिला सहन झाले असते. आत्या रागावली की असं बोलायची आणि दुपारी विसरायची. पण ह्या वेळी पाळकांसमोर बोलली होती. पाळकांसमोर बोललेलं आत्या कधी मागे घेत नसे. तिच्या सोळा वर्षांचा एका वाक्यात निकाल लागला होता, आणि कारण सांगितलं असतं तर निकाल दुसऱ्या माणसाचा लागला असता. हा असा न्याय तिने आजवर पाहिला नव्हता. कोण खरं, कोण खोटं, तिला काही म्हणता काही उमजेना.

मग उपायाचं बोलणं निघालं. तुकडे उसवून डावे उजवीकडे नेले तर? तर रस्ता फाटतो. तो सगळ्या जोडांवरून गेलाय. रस्ताच नको ठेवायला? पाळक म्हणाले, सहाही जणांचं काम रस्ता तयार करण्याचं, आणि रस्ताच काढायचा? शेवटी लांबडीने तोंड उघडलं.

“हातच बदलायचा. कोपरापासून पुढचा हात उसवायचा आणि दुसऱ्या अंगाला भरायचा. जुन्या भोकांवर झग्याची बाही घेऊ. सहा हात, चार बायका, दोन दिवस.”

“अहो, पण तोंड एकीकडे आणि हात दुसरीकडे?” मास्तर कळवळले. चित्रं त्यांची होती.

“मग काय झालं? पत्ता सांगणारा माणूस कसा उभा असतो? तोंड तुमच्याकडे, हात घराकडे.”

पाळकांनी कापडाकडे बघितलं, पुन्हा लांबडीकडे बघितलं, आणि होकाराची मान हलवली. मास्तरांनी उद्या दुपारपर्यंत सहा हात काढून द्यायचं ठरलं. पेन्सिलने, असं लांबडीने दोनदा बजावलं.

*

कापड उतरवून गुंडाळायला बारकी आणि पाळक मागे राहिले. रखवालदार चहाला गेला होता. एका टोकाला ती, एका टोकाला ते, मध्ये संदेष्टे हळूहळू गुंडाळले जात होते.

“पाळकसाहेब, एक विचारू? हसणार नसाल तर.”

“विचारा ना, बारकीताई.”

“ह्यांनी तर त्याला पाहिलंच नव्हतं. शेवटचा योहान सोडला तर एकानेही नाही. मग बोट कुठे दाखवायचं, हे त्यांना कसं कळायचं?”

पाळकांनी गुंडाळणं थांबवलं. “खरं सांगू? मलाही धड कळत नाही. परीक्षेत लिहिलं होतं तेव्हा कळल्यासारखं वाटलं होतं.”

“मग रविवारी काय सांगणार?”

“तेच शोधतोय.” त्यांनी मीखाच्या पायाशी पडलेली सुरकुती हाताने सारखी केली. “ह्याने जन्माचं गाव सांगितलं. कुणाच्या खिजगणतीत नसलेलं, लहानसं. यशयाने बाळ सांगितलं, आणि पुढे एक मार खाणारा, दुःख सोसणारा माणूसही सांगितला. ते दोघे एकच, हे त्याने आपल्या तोंडाने म्हटलं नाही. यिर्मया म्हणाला, देव नवा करार करील, तो मनावर लिहील. जखऱ्याने राजा गाढवावर बसवला. एकेकाच्या हाती एकेक तुकडा. सगळं कापड एकदम कुणासमोरच नव्हतं.”

“आमच्या खोलीसारखं.”

“अगदी. आपण एवढ्या मागे उभे आहोत म्हणून आपल्याला अख्खं दिसतं.”

“पण योहानाला तर दिसला. नदीत, समोर.”

“दिसला. हाच तो, म्हणाला. आपण आता मागे सरायचं, त्याने मोठं व्हायचं, असंही म्हणाला. आणि पुढे तुरुंगात पडल्यावर त्यानेच निरोप धाडून विचारलं की बाबा, नक्की तूच ना?”

“त्यानेही?”

“त्यानेही.”

बारकीचा गोंधळ कमी व्हायचा तो दुप्पट झाला. तिला लहानपणापासून वाटायचं, संदेष्टा म्हणजे ज्याला सगळं लख्ख दिसतं. “मग ह्यांचं काम काय हो? नुसतं भविष्य सांगायचं, तेही अर्धवट?”

“भविष्य थोडंच. बहुतेक वेळ ते समोरच्या माणसाला समोरची गोष्ट सांगत. राजा चुकतोय हे सगळ्या दरबाराला माहीत असायचं. सगळे गप्प. हा एकटा जायचा आणि तोंडावर सांगायचा. मसीहा यायचा तर आधी घर झाडायला नको? आणि केर कुठे आहे हे दाखवणारा कुणाला आवडतो?”

“मग लोक काय करायचे त्याचं?”

“यिर्मयाला चिखलाच्या विहिरीत सोडला.”

“आणि बाकीचे?”

“बाकीच्यांचंही काही बरं झालं नाही.”

बारकीने मलाखीला घट्ट गुंडाळलं. “एखादा असेल की, जो म्हणाला असेल, मी नाही सांगत जा.”

“होता एक. सांगायला नको म्हणून जहाजात बसून उलट्या दिशेला पळाला.” पाळक किंचित हसले. “तो तुमच्या कापडावर नाही.”

मग ते हसायचे थांबले. गुंडाळीचं शेवटचं टोक हातात धरून म्हणाले, “मघाशी मी बल्बबद्दल का बोललो, मला माहीत नाही. बल्ब चांगला आहे.”

“हो,” बारकी म्हणाली. “परवाच बदललाय.”

दोघांनी गुंडाळी उचलली. वजनाला ती होती त्याहून जड लागली, निदान बारकीला तरी.

*

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत जुने हात उसवून झाले. खोलीच्या टेबलावर यशया उताणा पडला होता, कोपरापाशी थांबलेला, भोकाभोकांचा. मास्तरांनी हात आणून दिले. पेन्सिलने काढलेले, स्वच्छ, प्रत्येकाची बोटं निराळी. योहानाचं बोट सगळ्यांत राकट. बारकीने कागद समोरून टोचले, जसे टोचायचे तसे. सहाही. खरखर खालच्या बाजूला आली.

आज समोरून टोचलेत, हे सांगायला हवं होतं. टोचताना तिने चारदा तोंड उघडलं. पण आत्या कालपासून तिच्याशी बोलतच नव्हती, आणि टोचलेला कागद पुढे केला तेव्हा आत्याने तो नुसता हातातून ओढून घेतला.

दार लोटायला आज वेळ नव्हता. सगळ्याजणी टेबलाभोवतीच उभ्या होत्या, निळ्या पुडीची वाटी मध्ये. आत्याने यशयाच्या हाताचा कागद घेतला. एका बाजूवरून तळवा फिरवला. दुसऱ्या बाजूवरून फिरवला. थांबली. तिच्या कपाळावर एक बारीकशी आठी आली, गणित करताना येते तशी. मग तिने खरखरीत बाजू वर केली आणि कागद कापडावर ठेवून दिला.

बारकीला एका क्षणात सगळं कळलं. ही मागून टोचते, हे आत्याने काल ऐकलं होतं. म्हणून तिने नियम फिरवला. विचारलं असतं तर एका शब्दात भागलं असतं; पण विचारायचं म्हणजे कागदाकडे बघून आपल्याला कळत नाही हे कबूल करायचं.

कागदाची कोरी बाजू वर होती. मोठ्या खिडकीचा भर दुपारचा उजेड तिच्यावर पडला होता, पेन्सिलची एक रेष म्हणून दिसत नव्हती. नुसती भोकं. आणि भोकांचा हात पुन्हा बाहेर, फ्यूजबॉक्सकडे.

लांबडीने टेबलाखालून बारकीचा पाय दाबला. तिच्या डोळ्यांतलं बारकीला वाचता आलं, कारण दोन वर्षं दोघी तेच बोलत आल्या होत्या: असू दे. ही चहाला उठेल तेव्हा पुसू, परत बसवू. ओला बोळा आहे शेल्फावर. सहा कागद, दहा मिनिटांचं काम. आत्याला कळणार नाही. रविवारी कापड बरोबर लागेल, लोक आत्याला शाबासकी देतील, आणि सोमवारी बारकी दोरे गुंडाळायला बसेल. कापड वाचेल, आत्या वाचेल. आणि पुढच्या खेपेला? पुढच्या खेपेला आत्या दार लोटून घेईल.

आत्याने बोळा वाटीत बुडवला, कडेला निथळवला. चाळीस वर्षांच्या सवयीचा तो हात, एक थेंब कुठे सांडला नाही. बोळा कागदावर टेकणार तेवढ्यात बारकीने तिचं मनगट धरलं.

“आता काय?” आत्या म्हणाली. “सोड. पूड गळेल.”

“खाका उलटा आहे, आत्या.”

“तू मागून टोचतेस ना? मग बरोबर आहे.”

“आज समोरून टोचला.”

“मग तसं सांगायचं नाही का! तुझं काय ते एकदा ठरव. काल मागून, आज समोरून. माणसाने काय समजायचं?” आत्याने कागद फिरवायला दुसरा हात पुढे केला, रागारागाने, सुटका झाल्यासारखा. इथेच थांबता आलं असतं. कागद फिरला असता, हात बरोबर दिशेला गेला असता, कुणाचं काही अडलं नसतं. लांबडी पाय दाबतच होती. चौथी बाई खिडकीबाहेर काहीतरी फार महत्त्वाचं बघत होती.

बारकीने मनगट सोडलं नाही. हाताखाली आत्याची नाडी लागत होती, भराभर, पळणाऱ्या माणसासारखी. तिला वाटलं, ही आपल्याला कधीच माफ करणार नाही. मग वाटलं, की ही कितीतरी दिवस वाट बघत असेल. यातलं कुठलं खरं, हे तिला तेव्हाही कळलं नाही.

“समजायचं कशाला लागतं, आत्या?” तिचा आवाज इतका हळू होता की तिलाच नीट ऐकू आला नाही. “चित्र कुठल्या बाजूला आहे ते कागदावर दिसतं.”

आत्याचा दुसरा हात हवेतच थांबला.

“काय म्हणायचंय तुला?”

“काही नाही, आत्या, ती आपली उगाच,” लांबडी घाईघाईने म्हणाली, “चहा टाकू का?”

“तू गप्प बस. हिला बोलू दे.” आत्याने चेहरा बारकीकडे वळवला, बारकीकडे म्हणजे तिच्या खांद्याच्या जराशा बाजूला, जिथे भिंत होती. “बोल. काय म्हणायचंय?”

बोळ्यातून निळा थेंब सुटून यशयाच्या झग्यावर पडला. कुणी तो पुसला नाही.

“तुला दिसत नाही, आत्या,” बारकी म्हणाली. “दोन वर्षं झाली. आणि आम्हाला सगळ्यांना ते माहीत आहे.”